मुस्लिम स्त्रियांचे हक्क आणि शरियत कायदा : सात महिलांच्या मोर्चानंतरचा प्रवास

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा नेण्यात आला. त्यात अवघ्या सात मुस्लिम महिला सहभागी झाल्या होत्या. तोंडी तलाक बंद करावा, बहुपत्नीत्वाला मनाई करावी आणि विवाह, घटस्फोट व वारसा यांबाबत सर्व नागरिकांना समान कायदा लागू करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोर्चाचे संयोजन चिपळूणजवळील मिरजोळी गावचे लेखक व समाजसुधारक हमीद दलवाई यांनी केले होते. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा या सात महिलांपैकी एक होत्या.

त्या दिवसानंतरच्या सहा दशकांत या प्रश्नावर संसदेने तीन महत्त्वाचे कायदे केले, सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकाल दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन पूर्णपीठांनी देशाला दिशा दाखवली. एका दमात तीन वेळा उच्चारलेला तलाक आता निरर्थक आणि दंडनीय ठरला आहे. मात्र न्यायालयात न जाता पतीने एकतर्फी विवाह संपवण्याचे अन्य प्रकार आणि बहुपत्नीत्व देशाच्या बहुतांश भागात कायम आहेत. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ११.५ टक्के मुस्लिम राहतात. त्यांच्यातील स्त्रियांच्या दृष्टीने धर्मग्रंथात काय लिहिले आहे याइतकाच, त्याचा अर्थ कोण लावतो आणि तलाक कोणासमोर सिद्ध करावा लागतो, हा प्रश्न निर्णायक ठरला आहे.

कायद्याचा पाया

भारतातील मुस्लिमांचे विवाह, तलाक, मेहर, पोटगी व वारसा हे विषय प्रामुख्याने १९३७च्या मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरियत) अंमलबजावणी अधिनियमाखाली येतात. या कायद्यात शरियतचे नियम कलमवार नमूद केलेले नाहीत. वरील विषयांत रूढीऐवजी शरियत लागू होईल, एवढेच त्यात सांगितले आहे. त्यामुळे प्रत्यक्ष नियम कोणते, हे धार्मिक ग्रंथ, पंथ आणि न्यायालयांचे निकाल यांवरून ठरते.

आज हा कायदा स्त्रियांच्या मार्गातील अडथळा मानला जात असला, तरी त्यामागे स्त्रियांच्या हिताचाही विचार होता. मुंबईतील खोजा व मेमन समाजांत मुलींना वारसा न देण्याची रूढी होती. कुराणात सांगितलेला आपला हिस्सा मिळावा, अशी मागणी घेऊन या समाजातील मुलींनी न्यायालयात धाव घेतली. १८४७ मध्ये न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी रूढीच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांची मागणी फेटाळली गेली. पुढे ९० वर्षांनी आलेल्या १९३७च्या कायद्याने अशा रूढींना बाजूला सारून मुलींचा हिस्सा मान्य केला. हा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. शेतजमीन मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली.

पंथभेदही महत्त्वाचा आहे. कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई, तर राज्याच्या इतर भागांतील बहुसंख्य सुन्नी हनफी पंथाचे अनुयायी आहेत. हनफी मतानुसार सज्ञान स्त्री स्वतःचा विवाह स्वतः ठरवू शकते. शाफई मतानुसार त्यासाठी वली, म्हणजे पालक आवश्यक असतो. शाफई कुटुंबातील सज्ञान मुलगी हनफी पंथ स्वीकारून स्वतःच्या संमतीने विवाह करू शकते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्येच दिला होता.

विवाह, मेहर आणि तलाक

इस्लामी कायद्यानुसार निकाह हा करार आहे. दोन्ही पक्षांची संमती त्यासाठी आवश्यक असते. पतीने पत्नीला द्यावयाची रक्कम किंवा मालमत्ता म्हणजे मेहर. ती पत्नीच्या मालकीची असते. तिचा काही भाग लगेच, तर काही भाग तलाक अथवा मृत्यूनंतर देय ठरवता येतो. निकाहनाम्यात अटी घालता येतात. विशिष्ट परिस्थितीत तलाक घेण्याचा अधिकार पतीने पत्नीला आधीच देऊन ठेवण्याचीही तरतूद आहे.

तलाकचे तीन प्रमुख प्रकार सांगितले जातात. तलाक-ए-अहसनमध्ये पती एकदाच तलाक उच्चारतो आणि इद्दतीच्या काळात दोघे एकत्र न आल्यास विवाह संपतो. तलाक-ए-हसनमध्ये तीन महिन्यांत तीन वेळा उच्चार केला जातो. या दोन्हींत समेटाला वाव असतो. तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एकाच वेळी तीनदा उच्चारलेला तलाक, तत्काळ अमलात येतो असे हनफी पंथात मानले जात होते. इद्दत म्हणजे तलाक किंवा पतीच्या निधनानंतर पुनर्विवाहापूर्वीचा प्रतीक्षाकाळ. तलाकनंतर तो साधारणपणे तीन मासिक पाळ्यांचा असतो आणि स्त्री गर्भवती असल्यास प्रसूतीपर्यंत चालतो.

पत्नीला खुला, म्हणजे बहुधा मेहर सोडून देऊन विवाहातून मुक्त होण्याचा, आणि मुबारात, म्हणजे परस्पर संमतीने विभक्त होण्याचा मार्ग आहे. याशिवाय १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियमाखाली ती न्यायालयात घटस्फोट मागू शकते. पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे चरितार्थाची सोय न करणे, सात वर्षांचा किंवा त्याहून अधिक कारावास, क्रूर वागणूक आदी कारणे त्यात नमूद आहेत. हा कायदा येण्यापूर्वी, विशेषतः पंजाबात, विवाहातून सुटका होण्यासाठी काही स्त्रिया धर्मत्यागाचा आधार घेत असत. त्यावर उपाय म्हणून मौलाना अशरफ अली थानवी यांनी हनफी पंथाबाहेर जाऊन मालिकी पंथाचे उदार नियम स्वीकारण्याची शिफारस केली. शरियतच्या चौकटीत राहूनही बदल शक्य असतो, याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

येथे एक विषमता लक्षात येते. पत्नीने न्यायालयात जावे, कारण सांगावे आणि ते सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती. पतीला मात्र यांपैकी काहीही करावे लागत नव्हते.

दलवाई आणि मुस्लिम सत्यशोधक मंडळ

दलवाई यांनी नेमक्या याच विषमतेवर बोट ठेवले. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी नाते सांगणाऱ्या या संस्थेने तलाकपीडित महिलांच्या तक्रारी ऐकून घेणे, परिषदा भरवणे आणि शासनाला निवेदने देणे असे काम हाती घेतले. १९७१ मध्ये पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद घेण्यात आली. ३ मे १९७७ रोजी वयाच्या ४४व्या वर्षी दलवाई यांचे निधन झाले. त्यानंतर मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई आणि इतर कार्यकर्त्यांनी हे काम पुढे नेले. बहिणीला मिळालेला तोंडी तलाक पाहून सय्यदभाई या कार्यात आले होते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चळवळीला समाजातून तीव्र विरोधही झाला. वैयक्तिक कायद्यात सरकारी हस्तक्षेप नको, या भूमिकेतून डिसेंबर १९७२ मध्ये मुंबईतच मोठे अधिवेशन भरले आणि त्यातून १९७३ मध्ये अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची स्थापना झाली. बदलाची मागणी करणारी आणि तिला विरोध करणारी अशा दोन्ही संघटित प्रवाहांची मुळे अशा रीतीने महाराष्ट्रात सापडतात.

पोटगीचा प्रश्न

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित स्त्रीचाही समावेश करण्यात आला. त्यामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या कोणत्याही धर्माच्या घटस्फोटित स्त्रीला दंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागता येऊ लागली. वैयक्तिक कायद्याप्रमाणे देय असलेली रक्कम दिल्यास पतीची या जबाबदारीतून सुटका होते, अशी एक पळवाट मात्र संहितेत राहिली.

तिची कसोटी मुंबईतील बाई ताहिरा प्रकरणात लागली. तलाकनंतर पतीने मेहरचे ५,००० रुपये आणि इद्दतीचे १८० रुपये दिले होते. एवढ्यावर जबाबदारी संपत नाही, दिलेली रक्कम पोटगीची जागा घेण्याइतकी पुरेशी असली पाहिजे, असा निर्णय न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने १९७८ मध्ये दिला.

त्यानंतर इंदूरच्या शाहबानो यांचे प्रकरण आले. १९३२ मध्ये विवाह झालेल्या शाहबानो यांना १९७५ मध्ये घराबाहेर काढण्यात आले आणि १९७८ मध्ये तलाक देण्यात आला. दंडाधिकाऱ्याने त्यांना दरमहा २५ रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ही रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा आदेश कायम ठेवला. निकालाविरुद्ध देशभर आंदोलन झाले आणि त्याच वर्षी शाहबानो यांनी स्वतः हा निकाल नाकारत असल्याचे जाहीर केले. सत्यशोधक मंडळाने निकालाच्या समर्थनार्थ कोल्हापूर ते नागपूर असा तलाकमुक्ती मोर्चा काढला. अखेर मे १९८६ मध्ये मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) अधिनियम अमलात आला. पतीची जबाबदारी इद्दतीपुरतीच मर्यादित करण्यात आली, अशी टीका त्यावर झाली.

परंतु कायद्याचे शब्द बारकाईने वाचल्यावर वेगळा अर्थ समोर आला. पतीने इद्दतीच्या काळात पत्नीसाठी ‘वाजवी व न्याय्य तरतूद’ करावी, असे त्यात म्हटले होते. ही तरतूद करण्याची मुदत इद्दतीची आहे, पण ती पत्नीच्या पुढील आयुष्यासाठी पुरेशी असली पाहिजे, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये करीम शेख प्रकरणात लावला. २८ सप्टेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डॅनियल लतिफी प्रकरणात हाच अर्थ मान्य केला. १० जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ए. जी. मसीह यांच्या पीठाने १९८६चा कायदा असला तरी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५चा मार्गही खुला असल्याचे स्पष्ट केले.

तलाक कोणी सिद्ध करायचा?

पोटगीचा दावा दाखल होताच ‘मी पूर्वीच तलाक दिला आहे’ असे पतीने लेखी उत्तरात म्हणणे, ही एक रूढ पद्धत झाली होती. हे उत्तर दाखल होताच विवाह संपला असे काही न्यायालये मानत असत. कधी आणि कशासाठी तलाक दिला, हे पत्नीला ठाऊकही नसे.

२००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात ही पद्धत अमान्य केली. लेखी उत्तरातील निव्वळ विधान म्हणजे तलाक नव्हे. तलाकला सबळ कारण हवे, त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला असावा आणि या सर्व बाबी पतीने पुराव्यानिशी सिद्ध कराव्यात, असे पूर्णपीठाने सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात हीच भूमिका घेतली. पतीच्या शब्दालाही पुरावा लागतो, हे तत्त्व अशा प्रकारे प्रस्थापित झाले. त्यासाठी दोन्ही न्यायालयांनी कुराणातील समेटाच्या आदेशाचाच आधार घेतला होता.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तलाक-ए-बिद्दत रद्द ठरवला. त्यानंतर २०१९ मध्ये संसदेने मुस्लिम महिला (विवाहविषयक हक्कांचे संरक्षण) अधिनियम संमत केला. तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेला तत्काळ तलाक त्यानुसार निरर्थक असून त्यासाठी पतीला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पत्नीला निर्वाहभत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा मागता येतो. पत्नीचे म्हणणे ऐकल्याशिवाय आरोपीला जामीन देता येत नाही. तिच्या इच्छेने, दंडाधिकाऱ्याच्या परवानगीने तडजोडही होऊ शकते.

हा कायदा तत्काळ तलाकपुरताच मर्यादित आहे. तलाक-ए-अहसन हा या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, असे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले.

बहुपत्नीत्व

मोर्चाची दुसरी मागणी मात्र बहुतांशी जागच्या जागी राहिली. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंमधील द्विभार्या पद्धतीला बंदी केली होती. आम्हालाच ही बंदी का, असा प्रश्न उपस्थित करून तिला आव्हान देण्यात आले. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती पी. बी. गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. त्याच वेळी, वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत, असेही त्यांनी म्हटले. हे मत पुढे अनेक दशके अशा याचिकांच्या आड येत राहिले.

महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली मुस्लिम पुरुषाच्या एकापेक्षा अधिक विवाहांची नोंदणी नाकारता येत नाही, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ठाण्यातील एका प्रकरणात व्यक्त केले. बहुपत्नीत्व आणि हलाला यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपवल्या. तलाकनंतर स्त्रीने दुसरा विवाह करून तो संपल्यावरच पहिल्या पतीशी पुन्हा विवाह करता येणे, या अटीला हलाला म्हणतात.

गोवा आणि उत्तराखंड

महाराष्ट्राची सीमा ओलांडून गोव्यात गेल्यास चित्र बदलते. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारित कौटुंबिक कायदा चालतो आणि १९३७चा शरियत कायदा तेथे लागू करण्यात आलेला नाही. विवाहाची नागरी नोंदणी आवश्यक असते. तेथे विवाह नोंदवलेल्या मुस्लिम पुरुषाला दुसरी पत्नी करता येत नाही, तसेच तोंडी तलाक देता येत नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील एका निकालात घेतली आहे. वेगळा करार नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता समाईक मानली जाते. सिंधुदुर्गातील आणि शेजारच्या पेडण्यातील मुस्लिम विवाहितेचे कायदेशीर स्थान त्यामुळे भिन्न असते. उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली असून तिने बहुपत्नीत्व व न्यायालयाबाहेरील घटस्फोट यांना मनाई केली आहे.

इतर मुस्लिम समाजांचा अनुभव

मुस्लिमबहुल देशांनीही वेगवेगळे मार्ग निवडले आहेत. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्विस धर्तीची नागरी संहिता स्वीकारली. इजिप्तने १९२९ मध्ये एका वेळी उच्चारलेले तीन तलाक एकच समजले जातील, असा नियम केला. ट्युनिशियाने १९५६ मध्ये बहुपत्नीत्व बंद करून घटस्फोट केवळ न्यायालयातच होईल असे ठरवले. पाकिस्तानात १९६१च्या वटहुकमाने तलाकची लेखी सूचना आणि ९० दिवसांचा समेटकाळ बंधनकारक केला. बांगलादेशातही तोच कायदा पुढे चालू राहिला. मोरोक्कोने २००४ मध्ये तलाक न्यायालयाच्या देखरेखीखाली आणला. यांतील बहुतेक देशांनी शरियत सोडल्याचे नव्हे, तर तिचा नव्याने अर्थ लावल्याचे सांगितले.

सुधारणेचे वेगवेगळे मार्ग

भारतातही सुधारणेच्या मार्गाबाबत एकमत नाही. दलवाई यांचा भर धर्मनिरपेक्ष समान कायद्यावर होता. मुंबईतील विचारवंत असगर अली इंजिनिअर (१९३९-२०१३) यांनी कुराणाच्या स्त्रीहितकारी अर्थावर भर दिला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने संहिताबद्ध मुस्लिम कौटुंबिक कायद्याची मागणी केली. या संघटनेने दहा राज्यांतील ४,७१० महिलांचे सर्वेक्षण करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ९२.१ टक्के महिलांनी तोंडी तलाकवर बंदी मागितली होती. पर्सनल लॉ बोर्डाने २००५ मध्ये आदर्श निकाहनामा तयार करून घाईने दिल्या जाणाऱ्या तलाकला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मात्र कायद्याने बदल करण्यास बोर्डाचा विरोध राहिला. मुंबईच्या ‘मजलिस’ संस्थेच्या वकील फ्लेविया ॲग्नेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी २०१९च्या कायद्यातील तुरुंगवासाच्या तरतुदीवर आक्षेप घेतला. पती तुरुंगात गेल्यास पोटगी कोण देणार आणि आधीच्या निकालांनी मिळालेले हक्क दुर्लक्षित का राहावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

आज उपलब्ध असलेले मार्ग

तलाक किंवा छळाला सामोऱ्या जाणाऱ्या मुस्लिम स्त्रीला सध्या पुढील कायद्यांचा आधार घेता येतो.

- चरितार्थासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. जुन्या कलम १२५ची जागा १ जुलै २०२४ पासून या कलमाने घेतली आहे.
- १९८६च्या कायद्याखाली मेहर, विवाहात मिळालेल्या वस्तू आणि भावी आयुष्यासाठी वाजवी तरतूद.
- २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे.
- स्वतः घटस्फोट घेण्यासाठी १९३९चा कायदा, तसेच खुला आणि मुबारात.
- तत्काळ तलाकविरुद्ध २०१९चा कायदा.

विवाहापूर्वीच विचार करणाऱ्यांना १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा पर्याय आहे. त्याखाली विवाह केल्यास दुसरा विवाह करता येत नाही, घटस्फोट न्यायालयातूनच होतो आणि वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ठरतो. निकाह करणाऱ्यांनाही निकाहनाम्यात अटी लिहून घेता येतात. मेहरची रक्कम, तिची मुदत आणि तलाकचा अधिकार या बाबी कागदावर स्पष्ट असतील, तर पुढे वाद झाल्यास त्याच पुराव्याच्या उपयोगी पडतात.

१९६६च्या मागण्यांचा ताळेबंद मांडल्यास, तत्काळ तलाक संपुष्टात आला, पोटगीचा हक्क प्रस्थापित झाला आणि तलाक सिद्ध करण्याची जबाबदारी पतीवर आली. मात्र पत्नीला विवाह संपवण्यासाठी पतीची संमती किंवा न्यायालयाचा हुकूम मिळवावा लागत असताना, पतीला तलाक देण्यासाठी महाराष्ट्रात अजूनही न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. सात महिलांनी विधिमंडळाच्या दारात मांडलेल्या मागणीचा हा भाग साठ वर्षांनंतरही शिल्लक आहे.